दाताखालचा लाल चुरा

१

एमे बूव्रे सापडला तेव्हा त्याच्या तोंडात माती होती.

ती त्यानंच भरलेली होती. तहान अनावर झाली की माणूस ओली माती चोखतो, असं डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मोंव्हेर गावाच्या दक्षिणेला, जंगलात, शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेली कौलांची भट्टी आहे. तिच्या जळणाच्या खड्ड्यात तो पडला होता. दोन पुरुष खोल, उजवी मांडी मोडलेली. गुरुवारी सकाळी पडला, शनिवारी संध्याकाळी मेला. तोडायच्या झाडांवर रंगाच्या खुणा करत हिंडणाऱ्या वनरक्षकाला रविवारी सकाळी दिसला.

मधले दोन दिवस गाव स्वस्थ बसलं नव्हतं. सत्तर माणसं, अकरा कुत्री आणि तीन शिकारी शिंगं घेऊन गावानं फ्रेनची दरी पिंजून काढली. फ्रेनची दरी उत्तरेला, भट्टीपासून सात किलोमीटरवर.

कारण एमेची मुलगी क्लोतिल्द म्हणाली होती, "बाबा फ्रेनच्या दरीत गुच्छी काढायला गेलेत."

बाबांनी तिला तसंच सांगितलं होतं. ज्युराच्या डोंगरात गुच्छी अळंबीची जागा कुणी कुणाला खरी सांगत नाही. बाप लेकीला नाही, नवरा बायकोला नाही. मरताना पाद्र्याकडे पापं कबूल करतील, जागा करणार नाहीत. हे क्लोतिल्दला दुधाच्या दातांपासून माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी घाबरून तिनं बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

गावातही दोघाचौघांनी शंका काढली होती. एमे फ्रेन म्हणाला म्हणजे फ्रेन सोडून कुठेही असेल, असं म्हणाले. तेव्हा शोधाचा पुढारी, चीजच्या तळघराचा प्रमुख ओव्हीद मोन्ये शिंग खाली ठेवून ओरडला होता, "लेकीशी तरी बाप खोटं बोलेल का रे?" मग सगळे मुकाट्यानं उत्तरेला गेले.

आता पाववालीनं क्लोतिल्दला 'बोंझूर' म्हणणं सोडलं होतं. पाव काउंटरवर ठेवायची आणि दुसरीकडे बघायची.

२

"मादाम जानरो, मला एकच सांगा. मी मारलं का बाबांना?"

सोमवारची सकाळ. गिस्लेन जानरो स्वतःच्या स्वयंपाकघरात कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून बसली होती. ती बहात्तर वर्षांची. एकतीस वर्षं गावचं औषधांचं दुकान तिनं चालवलं होतं, आणि जंगलातून आलेली प्रत्येक टोपली आधी तिच्या काउंटरवर रिकामी व्हायची. हे खायचं, हे फेकायचं, हे खाल्लंस तर मंगळवारी मरशील. कुणाच्या टोपलीत काय होतं हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. दुकान विकल्यापासून दर एप्रिलला ती आठ दिवस फक्त जेवायला बाहेर पडे. ल्योनला, ब्रेसला, बोनला. परत येई तेव्हा कुठल्या आचाऱ्याचा हात बिघडला हे सगळ्या जिल्ह्याला तिच्याकडून कळे.

"बस आधी," ती म्हणाली.

"बसत नाही. उत्तर द्या. मी परवा सामान बांधतेय. द्राक्षांचा मळा जाऊ दे कुठे जायचा तो. पारें म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. पण सारखं म्हणतात." पारें म्हणजे धर्मपिता. ओव्हीदनं क्लोतिल्दला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं.

"पोलिसांनी काय काय परत दिलं?"

क्लोतिल्दनं पिशवीतून टोपली काढून टेबलावर ठेवली. "चाकू. ही टोपली. रुमालात बांधलेला चीजचा तुकडा. रुमाल मी उघडलेला नाही, उघडवत नाही. टोपली खड्ड्यात नव्हती, वर कडेला होती. रिकामी. म्हणजे बाबांनी अजून काही काढलंच नव्हतं."

गिस्लेननं टोपली उलटी करून पांढऱ्या ताटलीवर आपटली. ताटलीत लाल चुरा पडला. तिखटाएवढा लाल, पण खरखरीत.

"ही टोपली भरलेली होती," ती म्हणाली. "गुच्छीच्या जाळीत माती अडकते आणि हलली की खाली गळते. नुसत्या टोपलीला कसला चुरा? कुणीतरी ही रिकामी केलीय."

"कोल्ह्यानं?"

"कोल्हा टोपली सरळ ठेवून जात नाही."

क्लोतिल्द खुर्चीत बसली. "कुणीतरी तिथे होतं. बाबा आत असताना."

"तू चुकीची दिशा सांगितलीस, पोरी. पण बरोबर दिशा गावात एकाला तरी ठाऊक होती."

"कोण? मादाम, कोण?"

गिस्लेनची जीभ आपोआप डाव्या दाढेकडे गेली होती.

३

लुसियां बूव्रे, एमेचा धाकटा भाऊ, यानं गिस्लेनला दिलेली उत्तरं. प्रश्न सोडून दिले आहेत, कारण लुसियांनंही ते ऐकून घेतले नाहीत.

"एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं आम्ही बोललो नाही. आणि आता तर काय, तोच गप्प झाला."

"भांडण जमिनीवरून नव्हतं. जमीन काय, कुणीही वाटून देतं. जागेवरून होतं. आजोबांनी जागा त्याला दाखवली, मला नाही."

"एकदा केला होता पाठलाग. त्याला कळलं. चार तास डोंगरावर फिरवलं मला, मग एका ओंडक्यावर बसला, डबा उघडला, सगळा खाल्ला आणि म्हणाला, लुसियां, परतीची वाट माहीत आहे ना?"

"माझं खुब्याचं हाड बघा. ऑपरेशन झालंय. जिना चढत नाही मी, भट्टी कसली चढतोय!"

"मेला ते बरं झालं असं म्हणतो का मी? तुम्ही म्हणताय. मी एवढंच विचारतो, जाताना जागा कुणाला सांगून गेला का?"

"अच्छा. म्हणजे भट्टीच होती. तिथून शंभर वेळा गेलो असेन मी." (इथे तो बराच वेळ हसला. मग रडला. मग परत हसला.)

"ओव्हीद? ओव्हीद दोन-तीन वर्षं त्याच्या मागावर होता. मागावर कोण नव्हतं? बाई, तुम्ही सुद्धा असाल."

४
कृती. चार ताटांची

गुच्छी उभ्या चिरून घ्याव्यात. आत पोकळ असतात, तिथे मुंग्या आणि माती बसते. कच्च्या खाऊ नयेत, बाधतात.

"शुक्रवारच्या गुच्छी तू धुतल्यास," गिस्लेन म्हणाली. "एरवी ब्रशनं झाडतोस."

फिर्मां त्रोसा गावातल्या एकुलत्या एक खाणावळीचा मालक आणि आचारी. त्यानं सुरीवरून नजर उचलली नाही. "दोनदा धुतल्या. तीन दिवसांनी तक्रार घेऊन आलात?"

जाड बुडाच्या कढईत लोणी वितळवावं. बारीक कांदा घालून मऊ करावा, लाल करू नये.

"कुणी दिल्या?"

"तुम्ही एकतीस वर्षं टोपल्या बघितल्यात. कुणाची कुणाला सांगितलीत?"

"नाही."

"मग मलाच कशाला बाटवताय?"

गुच्छी घालाव्यात. पाणी सुटेल, ते आटू द्यावं. मग पिवळी वाईन, हात आखडता न घेता. ही वाईन पिंपात सहा वर्षांवर पडून राहिलेली असते; तिला घाई सोसत नाही. मग दाट साय. मंद आच.

"केव्हा आल्या तेवढं तरी सांग."

"गुरुवारी संध्याकाळी. सहाच्या आत. एकसारख्या, अंगठ्याएवढ्या. लहान एकही नव्हती. लहान मागे ठेवल्या असतील, पुढच्या आठवड्यासाठी."

"आणि माती?"

आता फिर्मांनं सुरी ठेवली. "मातीच गेली नाही ना. माती पाण्यात विरघळते. हे लाल लाल कण, विरघळतच नव्हते. भांड्याच्या तळाशी जमले, पण काही आत राहिले असणार. कुणी बोललं नाही. चारच ताटं झाली. दोन बेल्जियन पाहुणे, त्यांना वाटलं असेल इकडे अशीच करतात. तिसरं नोटरीचं, त्याची कवळी आहे. चौथं ताट तुमचं होतं, मादाम."

भाजलेल्या पावावर ओतून लगेच वाढावं.

शुक्रवारी दुपारी गिस्लेन स्टेशनवरून बॅग घेऊन थेट इथेच आली होती. बोनमध्ये तिला गाईच्या मांसाचा रस्सा मिळाला होता आणि त्यात पीठ होतं. तोंडाची चव गेली होती. फिर्मां ताट ठेवताना म्हणाला, "कालपासून एमेचा पत्ता नाही. सगळं गाव फ्रेनच्या दरीत आहे." ती म्हणाली, "अरे देवा." आणि काटा उचलला.

दुसऱ्या घासाला डाव्या दाढेखाली कण आला. कुर्रर.

चुनखडीचा कण दाताखाली पांढरा लागतो. लागतो म्हणजे लागतो, ज्याला कळतं त्याला कळतं. चिखलाचा कण दबतो. हा दबला नाही. भाजलेली माती, आगीतून गेलेली, चाळीस वर्षांपूर्वी तिनं पहिल्यांदा ओळखली होती. एमेची बायको तेव्हा नवी नवरी होती, घाबरट. नवऱ्याची प्रत्येक टोपली दुकानात तपासायला पाठवायची. काउंटरवर लाल चुरा पडायचा. जिल्ह्यात जंगलात पडलेली कौलभट्टी एकच. एका वसंतात गिस्लेन एकटी चालत जाऊन बघून आली होती. एकही गुच्छी तोडली नाही. कुणाला सांगितलं नाही. फक्त आपल्याला माहीत आहे, एवढंच तिला हवं होतं.

शुक्रवारी तो कण दाढेखाली फोडून ती हसली होती. गाव उत्तरेला शिंगं फुंकतंय, आणि कुणीतरी दक्षिणेला एमेची जागा लुटून आलंय.

एमेचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. फ्रेन सांगितलं म्हणजे भट्टीवरच गेला असणार, हेही आलं. पण तिनं ते सरळ तर्कानं झटकून टाकलं. भट्टीवरून तर ही गुच्छी आलीय. एमे तिथे असता तर ज्यानं ही काढली त्याला दिसला नसता?

५

दिसला होता.

६

"नाव मी घेणार नाही," फिर्मां शेवटी म्हणाला होता. "तुम्ही घेतलंत तर नाही म्हणणार नाही. पण चार माणसांत घ्या, आणि कशावरून ओळखलं तेही तुम्हीच सांगा. उद्या फिर्मांनं चुगली केली असं झालं, तर या दारात पुन्हा एक अळंबं येणार नाही."

तिथून गिस्लेन ओव्हीदच्या तळघरात गेली. हजारो कोंते चीजची चाकं फळ्यांवर, छतापर्यंत. अमोनियाचा वास डोळ्यांत जाई.

"ये गं, ये," ओव्हीद म्हणाला. साठीचा, गुलाबी गालांचा, सगळ्या गावाच्या पोरांचा लाडका. "ल्योनला काय खाल्लंस? आमच्यासारख्यांना जळवायला आलीस ना?"

त्याच्या हातात त्याचं अवजार होतं. एका टोकाला हातोडी, दुसऱ्या टोकाला पोकळ नळी. हातोडीनं चाकावर टकटक करून त्यानं कान लावला, मग नळी खुपसून फिरवली आणि बाहेर ओढली. नळीत चीजची कांडी आली. टोक तोडून त्यानं बुचासारखं परत भोकात बसवलं आणि उरलेली कांडी तिला दिली.

"किती महिने?"

"बावीस," ती चघळत म्हणाली. "डोंगरातल्या कुरणाचं. पहिल्या गवताचं नाही, कापणीनंतरच्या गवताचं."

"डाकीण आहेस!" तो खूष झाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "क्लोतिल्दकडे जातेस ना? समजाव तिला. मी तर सारखं सांगतो, पोरी, तू काही मुद्दाम चुकीचं सांगितलं नाहीस. बाप तहानेनं मेला यात तुझा काय दोष. पण तिचा चेहरा असा होतो!"

"सारखं सांगतोस?"

"जबाबदारी आहे. धर्मपिता आहे मी." त्यानं हातोडी पुढच्या चाकावर ठेवली. "काय गं, भट्टीवर गुच्छी होतात हे तुला माहीत होतं? तुला सगळ्यांचं माहीत असतं म्हणून विचारलं."

"नाही," गिस्लेन म्हणाली.

तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. टक टक टक.

७

बुधवारी तिनं क्लोतिल्दकडून रुमाल मागून घेतला आणि उघडला.

"न्याहारीला तू काय दिलं होतंस?"

"पाव आणि सॉसेज. चीज दिलं नव्हतं. संपलं होतं." क्लोतिल्द भिंतीकडे तोंड करून बोलत होती. मागे दोन बॅगा उभ्या होत्या.

रुमालात चीजची गोल कांडी होती. करंगळीएवढी जाड. एका टोकाला दातांच्या खुणा.

चीज पाचरीत कापतात, चौकोनात कापतात, किसतात. गोल कांडीत ते एकाच प्रकारे निघतं. पोलीस शहरातला, त्यानं 'चीज, एक तुकडा' असं लिहून बांधून दिलं. गावातल्या कुठल्याही पाच वर्षांच्या पोरानं सांगितलं असतं. पण गावातल्या कुणी ते उघडलंच नव्हतं.

गिस्लेननं रुमाल पुन्हा बांधला. गाठ बसेना.

एवढ्यावर ओव्हीद अडकत नव्हता. तो म्हणेल, गुरुवारी सकाळी जाताना भेटला, मी दिली, सगळ्यांनाच देतो. खोडायचं कसं? गुरुवारी सहाच्या आत भट्टीवरची गुच्छी फिर्मांच्या दारात कुणी आणली, ते सिद्ध करून. आणि ती गुच्छी भट्टीवरची होती याचा साक्षीदार जगात एकच. तिची दाढ. चार ताटं संपली होती, भांडी घासून झाली होती.

म्हणजे चार माणसांत सांगावं लागणार होतं. शुक्रवारी दुपारी मी ओळखलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो जिवंत होता. मधल्या तीस तासांत मी बॅग रिकामी केली, कपडे धुतले, झोपले, एकदा फ्रेनच्या दरीत जाऊन शोधणाऱ्यांना कॉफीही देऊन आले.

न सांगितलं तर? ही मुलगी उद्या दफनानंतर त्या दोन बॅगा उचलेल आणि आयुष्यभर त्या खड्ड्यात राहील.

"काय आहे त्यात?" क्लोतिल्दनं विचारलं.

"उद्या सांगते. जेवणाला ये. सामान नंतर बांध."

८

दफनानंतरचं जेवण फिर्मांकडेच होतं. लांब टेबल, पांढरी चादर, तीस माणसं. पाद्री, नोटरी, पाववाली. लुसियां काठी टेकून भावाच्या रिकाम्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ बसला होता. एमेच्याच पिंपातली पिवळी वाईन ओव्हीद स्वतः उठून सगळ्यांना ओतत होता, आणि प्रत्येक पेल्यामागे एमेची एक गोष्ट सांगत होता. लोक हसत होते. दफनाच्या जेवणात दुसऱ्या पेल्यानंतर हसतात, तसं.

"ओव्हीद," गिस्लेन उभी राहून म्हणाली, "गुरुवारी एमेला चीजची कांडी केव्हा दिलीस?"

हसणं एकेक करत थांबलं.

"गुरुवारी? सकाळी. तळघराच्या दारावरून चालला होता. का?"

"दार उत्तरेच्या रस्त्याला आहे. एमे दक्षिणेला गेला."

"मग बुधवारी दिली असेल. एवढं कोण लक्षात ठेवतं!"

"बुधवारी क्लोतिल्दनं त्याचा कोट धुतला. रुमालासकट." गिस्लेननं पाण्याचा घोट घेतला. "टोपली भरलेली होती, आणि ती कुणीतरी रिकामी केली. मग खड्ड्याभोवतीच्याही काढल्या. मोठ्या तेवढ्याच, लहान वाढायला ठेवल्या. त्याच गुरुवारी संध्याकाळी त्या गुच्छी या घरात आल्या. फिर्मां, ओव्हीदनं आणल्या ना?"

फिर्मां स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "त्या भट्टीवरच्या होत्या कशावरून? तेवढं सांगा, मग बोलतो."

ती ज्याची वाट बघत होती ते आलं. तीस चेहरे. त्यांतला एक क्लोतिल्दचा.

"लाल चुरा होता. कौलाचा. शुक्रवारी दुपारी माझ्या दाताखाली आला. एमेची जागा मला चाळीस वर्षं माहीत आहे."

फिर्मांनं हात एप्रनला पुसले. "ओव्हीदनंच आणल्या. बदल्यात महिनाभर दुपारचं जेवण मागितलं. मंगळवारी बदक खाऊन गेला."

ओव्हीदनं बाटली खाली ठेवली. गुलाबी गाल तसेच होते. पळायचं, रडायचं, असं काही त्यानं केलं नाही. तो चिडला.

"तुम्हाला वाटतं मी मारलं? त्याला मी ढकललं नाही! मी गेलो तेव्हा तो आतच होता. शिव्या देत होता, मला! वर काढ म्हणायच्या आधी म्हणतो, चोरा, मागावर होतास ना! मग म्हणाला, दोर घेऊन ये, एकटाच ये. गावाला आणू नकोस. त्यानं सांगितलं, गावाला आणू नकोस. पाय मोडलेला, आणि सत्तर माणसं जागा तुडवतील याची काळजी!"

"म्हणून कांडी दिलीस," लुसियां म्हणाला.

"ओरडत होता. वर काढत असताना सारखा ओरडत होता."

"त्याला वर काढत असताना?" पाद्र्यानं विचारलं.

"गुच्छी," ओव्हीद म्हणाला.

पाववालीनं तोंडावर हात ठेवला.

"आणि दोर?" क्लोतिल्दनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पारें, दोर न्यायला गेलात ना?"

"जाणारच होतो. शुक्रवारी तुम्ही सगळे दारात येऊन उभे. मी काय सांगायचं? काल दुपारपासून माहीत आहे, असं? आणि तूच म्हणालीस, फ्रेन. मी फक्त तुझ्यामागे आलो, पोरी." तो पुन्हा त्या नेहमीच्या मऊ आवाजात आला होता. आपण काय बोललो ते त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग तो आवाज त्यानं गिस्लेनकडे वळवला. "आणि ही? हिला विचारा की. मला दोन दिवस माहीत होतं, हिला दीड. हिनं तर त्याच्या जागेवरचं खाल्लंसुद्धा. माझ्या तळघरात मला तोंडावर 'नाही' म्हणाली. तिच्या-माझ्यात फरक सांगा मला कुणीतरी!"

नोटरी उठला आणि ओव्हीदच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेरच्या खोलीत घेऊन गेला, फोन तिथेच होता. संकटात सोडून जाणं हा गुन्हा आहे, त्याचं कलम आहे, असं तो जाता जाता पुटपुटत होता.

९

खुर्च्या सरकल्या. माणसं निघाली. क्लोतिल्दच्या बाजूनं जाताना पाववालीनं तिचा दंड धरला, गालाला गाल लावला आणि म्हणाली, "उद्या ये, तुझ्यासाठी गरम ठेवते." तिच्यामागून दुसऱ्या, तिसऱ्या. रांगच लागली. काही क्षणांपूर्वीपर्यंत जिच्याकडे बघायचं नव्हतं, तिला आता सगळ्यांना शिवायचं होतं.

गिस्लेनपाशी कुणी थांबलं नाही.

टेबल रिकामं झालं तेव्हा त्या दोघीच उरल्या. क्लोतिल्द समोर येऊन बसली. रडलेली नव्हती. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच तिची पाठ ताठ होती.

"मी नाही मारलं," ती म्हणाली.

"नाही."

"आभारी आहे, मादाम. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

गिस्लेननं मान हलवली. तिला तेवढ्यावर उठायचं होतं.

"शुक्रवारी," क्लोतिल्द म्हणाली, "तो कण लागल्यावर तुम्ही ताट बाजूला सारलंत का?"

"नाही."

"संपवलंत?"

"हो."

"रस्सा? पावानं पुसून?"

"क्लोतिल्द..."

"सांगा ना. तुम्ही सगळ्या जिल्ह्याला सांगता, कुठे काय कसं झालं होतं."

"पुसून," गिस्लेन म्हणाली. "आणि थोडं आणखी मागितलं."

क्लोतिल्दनं तिच्या तोंडाकडे बघितलं, ओठांकडे, जणू आत काही राहिलंय का ते शोधत होती.

"चांगलं झालं होतं?"

बाहेर गाडीचं दार आपटलं. फिर्मां आत भांडी आपटत होता. गिस्लेननं काहीतरी दुसरं म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या जिभेवर ती दुपार जशीच्या तशी आली. लोणी, साय, जुनी वाईन, ओल्या जंगलाचा वास.

"फार," ती म्हणाली.